बेचक्यातले चार टाके

थंडी पडली की नाशिकच्या मेनरोडवर पथाऱ्यांवर अंगठ्याचे मोजे दिसायला लागतात. रबरबँड लावलेले जोड, त्यांचे ढीग आणि ढिगामागे बसून भाव पुकारणारा एखादा पोरगा. बहुतेक माल नायलॉनचा आणि बहुतेक एकाच पिवळट-गुलाबी रंगाचा. त्या रंगाला सगळे ‘स्किन कलर’ म्हणतात. ती स्किन नेमकी कोणाची, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही; आमच्या घरात तरी त्या रंगाचं कोणी नाही. तरी बायका तीन-तीन, चार-चार जोड एका वेळी नेतात, कारण दुसरा इलाज नसतो. अंगावर साडी, पायात चप्पल, टाचांना भेगा आणि बाहेर गारठा, एवढ्या गोष्टी एका जागी आल्या की साधा मोजा कामाचा नाही. तो चपलेच्या अंगठ्यात शिरतच नाही. मग मोजा पुढून चिमटीत धरायचा, त्याची घडी बोटांच्या बेचक्यात खोचायची आणि तसंच भाजीला निघायचं. कोपऱ्यापर्यंत जाईतो ती घडी निसटलेली असते आणि पाय चपलेवर सरकायला लागलेला असतो.

आमच्या सासूबाईंचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांना साखर आहे, म्हणून घरातही अनवाणी फिरू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. घर जुनं, खाली शहाबादी फरशी. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागला की पहाटे ती फरशी पायाला झोंबते. घरातली त्यांची चप्पल अंगठ्याची. नुसत्या आडव्या पट्ट्याची स्लिपर पायातून सुटेल अशी त्यांना धास्ती वाटते. अंगठ्यानं धरून ठेवलेली चप्पलच भरवशाची. त्यावर आम्ही वाद घालणं सोडून दिलंय. या वयात पाय घसरण्यापेक्षा हट्ट परवडला.

म्हणजे मोजेही अंगठ्याचेच हवेत. विकतचे आणून झाले. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कललाय. विकतच्या मोज्यातला अंगठा मात्र नाकासमोर चालणारा. त्याची शिवण नेमकी नखाच्या कडेवर येते. मोजा आखूड असला तर त्याचं बेचकं बोटांच्या मुळाशी करकचून बसतं. लांब असला तर बेचक्यापुढे कापडाचा छोटा पडदा राहतो आणि चपलेचा अंगठा त्या पडद्याला रेटत राहतो. तुम्हा-आम्हाला हे पाच मिनिटांत कळेल आणि आपण मोजा भिरकावून देऊ. साखर जुनी झाली की पायाची जाणीव बोथट होते. काचतंय हे कळतच नाही, आणि कळतं तेव्हा सालटं निघालेलं असतं.

शिवाय जोडवी. लग्नात घातलेली चांदीची जोडवी अंगठ्याशेजारच्या बोटात अजून आहेत. बोटाचा सांधा सुजून जाड झालाय, त्यामुळे काढायची म्हटली तरी निघत नाहीत, आणि सासरे समोर आरामखुर्चीत पेपर वाचत असताना जोडवी कापून काढण्याचा विषय कोण काढणार! जोडव्याच्या घासलेल्या कडेत नायलॉनचा धागा अडकतो, एक टाका तुटतो आणि संध्याकाळपर्यंत उसवलेल्या टाक्यांची शिडी पार घोट्यापर्यंत पोचते.

तेव्हा मी ठरवलं की हे मोजे हातानं विणायचे.

“लोकर महाग, तुझा वेळ महाग आणि पाय म्हातारीचे,” सासूबाई म्हणाल्या. “कशाला उगाच?”

हे बोलण्याचा अधिकार त्यांना आहे, कारण त्यांच्याइतकं विणणारी बाई मी पाहिलेली नाही. आमच्या नात्यात ज्या-ज्या घरी पाळणा हलला त्या प्रत्येक घरी त्यांच्या हातचा बाळंतविडा गेलाय. टोपडं, स्वेटर, मोजे, आणि मोज्यांच्या घोट्यात ओवलेली रिबीन. १९६२च्या युद्धात देशभर बायका जवानांसाठी विणायला बसल्या होत्या, त्यांत कॉलेजात असलेल्या सासूबाईही होत्या. “खाकी लोकर विणून विणून आम्हाला स्वप्नंसुद्धा खाकी पडायची,” असं त्या सांगतात. पुढे त्यांनी शाळेत इतिहास शिकवला आणि स्टाफरूममध्ये सुया चालवल्या. आता बोटं आखडलीत. सुई धरता येत नाही, पण शेजारी बसून दुसऱ्याच्या हातातल्या सुईकडे बघता येतं, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

पहिलं काम माप घेण्याचं. पायाचं माप उभं राहून घ्यावं लागतं, कारण अंगाचा भार पडला की चवडा पसरतो. जमिनीवर जुना पेपर अंथरला, त्यावर त्यांना खुर्चीच्या पाठीला धरून उभं केलं आणि मी पेन्सिल घेऊन खाली बसले.

“माप कसलं घेतेस? इतकी वर्षं माझ्या पाया पडतेस, अजून माप कळलं नाही होय?”

मी हसले खरी, पण पेन्सिल थांबली. दिवाळीला, पाडव्याला, गावाला निघताना, वाढदिवसाला मी या पावलांपाशी वाकत आलेय. वाकताना नजर जमिनीकडे असते. बोटांना साडीचा काठ लागतो, काठाखाली काहीतरी गार लागतं, तेवढ्यात वरून “असू दे, असू दे” येतं आणि आपण उठतो. पाय दिसतच नाहीत. उजव्या अंगठ्याचं हाड एवढं बाहेर आलंय हे मला विकतच्या मोज्यांची तक्रार सुरू झाल्यावर कळलं. डाव्या करंगळीचं नख जवळजवळ नाहीसं झालंय, तळव्याला चवड्याखाली जुनं कुरूप आहे, आणि दोन्ही पायांत अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब आहे, ही सगळी माहिती मला त्या पेपरवर बसून मिळाली. लांब बोट असलेली बाई नवऱ्याला दाबात ठेवते म्हणतात. आरामखुर्चीकडून यावर काही प्रतिक्रिया आली नाही.

पेन्सिल उभी धरून पावलाभोवती फिरवायची. तिरकी झाली की तळव्याखाली शिरते आणि माप कमी येतं. सगळ्यात नाजूक जागा बेचक्याची. तिथे पेन्सिल आत, थांबेपर्यंत सरकवायची आणि टोक टेकवून खूण करायची. त्यांना गुदगुल्या झाल्या. टाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर हेच अंगठ्याच्या मोज्यातलं खरं माप. उरलेली सगळी मापं त्याच्या मागून येतात. पाऊल दोन्हीकडे २३ सेंटिमीटर. पण टाचेपासून बेचक्यापर्यंत उजवीकडे साडेअठरा भरलं आणि डावीकडे त्याहून चार मिलिमीटर जास्त. चार मिलिमीटर म्हणजे माझ्या हाताच्या विणीत जेमतेम दोन फेरे. पण बेचक्यात दोन फेरे म्हणजे पुष्कळ झालं.

लोकरीबद्दल थोडं. आपल्याकडे बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. स्वेटरला चालून जातं. मोज्यात पाय घामेजतो, आणि बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की पावसाळ्यात होतात तशा चिखल्या भर थंडीत व्हायच्या. मोज्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या सुतात ७५ टक्के खरी लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं. नायलॉनला मी वर एवढी नावं ठेवली, पण तेवढं नायलॉन टाचेला हवंच, नाहीतर शुद्ध लोकर एका हिवाळ्यात विरते. १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण ४०० मीटर सूत निघतं. एका जोडाला ते पुरून उरतं. रंग त्यांनीच निवडला, वांगी. “मळखाऊ आहे आणि कुणाच्या कातडीचा नाही,” हे त्यांचं कारण.

सुया तेरा नंबरच्या, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर जाडीच्या. आपल्याकडे अजून जुने विलायती नंबर चालतात, ज्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुया लागतात. चारांवर टाके वाटून घ्यायचे आणि पाचवीनं विणत गोल फिरायचं. गोल विणलं की शिवण येत नाही, आणि या पायांसाठी शिवण नसणं हीच मुख्य गोष्ट. माझ्या हाताला दहा सेंटिमीटरमध्ये ३२ टाके बसतात. पायाचा घेर २२ सेंटिमीटर. मोजा घेरापेक्षा दहा टक्के लहान हवा, तरच तो अंगाबरोबर राहतो. म्हणून ६४ टाके.

टाके घातले, दोन सुलट दोन उलट करत घोट्यावरची पट्टी केली, मग नुसते सुलट फेरे. या भागाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टीव्हीवर मालिका लावून विणता येतो.

टाच मात्र बघत बसावी अशी असते. ६४ पैकी ३२ टाके बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या ३२ वर येरझाऱ्या घालत चौकोनी पट्टी विणायची, दर ओळीत पहिला टाका न विणता उचलून. ३२ ओळी झाल्या की पट्टीच्या दोन्ही कडांना सोळा-सोळा ठळक साखळ्या दिसतात. मग टाच वळवायची. मध्यापर्यंत विणायचं, त्यापुढे दोन टाके, दोनाचा एक करायचा, आणखी एक विणायचा आणि ओळ अर्धी सोडून परत फिरायचं. दर वेळी थोडं पुढे जायचं आणि परतायचं. सपाट पट्टीला हळूहळू पोट सुटतं, वाटीसारखी टाच उभी राहते आणि ३२ चे १८ टाके उरतात. मग कडेच्या साखळ्यांतून सोळा-सोळा टाके उचलले की एकूण ८२ होतात. ते एका आड एका फेऱ्यात दोन-दोन कमी करत पुन्हा ६४ वर आणायचे. हिशेब असा चोख बसला की मला दर वेळी कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात. कुणाचे, ते ठरवता येत नाही.

इथे सासूबाईंनी चष्मा लावून तपासणी केली. “टाच बरी आहे,” म्हणाल्या. हे प्रमाणपत्र मी जपून ठेवलंय.

आता गंमत अशी की या टप्प्यापर्यंत मोजा उजव्या पायाचा की डाव्या, हे मोज्याला ठाऊक नसतं. तळवा आणि वरची बाजू सारखी वाटलेली, टाच मधोमध. साध्या मोज्याला ते शेवटपर्यंत ठाऊक नसतं, म्हणून तर आपण ते अंधारात कुठल्याही पायात चढवतो. अंगठ्याच्या मोज्यात शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरआधी ठरवावं लागतं. आमच्या बाबतीत थोडं आधीच ठरवावं लागलं, कारण उजव्या हाडापाशी घेर वाढतो. तिथे आतल्या बाजूला चार टाके वाढवले, हाड ओलांडल्यावर ते कमी केले, आणि त्याच क्षणी तो मोजा उजवा झाला.

“असले दोन फाट्यांचे मोजे हातानं कोण विणत बसलं असेल ग आधी?” सासूबाईंनी विचारलं. इतिहासाच्या बाईंनी विचारलंय म्हटल्यावर नीट उत्तर देणं भाग होतं, आणि ते माझ्याकडे होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लाल लोकरीच्या मोज्यांचा एक जोड आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस या जुन्या शहराच्या दफनभूमीत तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सापडला. काळ इसवी सन २५० ते ४२०च्या दरम्यानचा. पुढून सरळ दोन फाटे, एक अंगठ्याचा आणि एक उरलेल्या चार बोटांचा. कारण आपलंच, पायात सँडल. मी फोनवर फोटो दाखवला. फाटे जरा जास्तच लांब आणि टोकदार आहेत.

“तुझ्यापेक्षा बारीक वीण आहे,” त्या म्हणाल्या.

वीण खरं तर वेगळीच आहे. दोन सुयांचं विणकाम तेव्हा नव्हतं. नेढं असलेल्या एकाच सुईनं हे केलंय. प्रत्येक फासातून सगळा धागा ओढून काढायचा. म्हणून धागा हातभरच घेता येतो, संपला की नवा जोडायचा. काम कंटाळवाणं, पण एक फायदा मोठा: टाका तुटला तरी शिडी पळत नाही. आपल्या विणकामात सगळा मोजा एका अखंड धाग्याचा असतो, टोक धरून ओढलं की परत गुंडा. त्यांच्या मोज्याची सुरुवातही उलटी, बोटांकडून. दोन फाटे आधी वेगवेगळे करायचे, मग जोडून टाचेकडे यायचं. सुयांवर विणलेले सगळ्यात जुने मोजे सापडतात तेही इजिप्तमध्येच, निळ्या-पांढऱ्या सुताचे, पण ते अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे. म्हणजे अंगठ्याचा मोजा सुयांच्या विणकामापेक्षा कित्येक शतकांनी थोरला आहे. पथारीवरच्या त्या रबरबँडवाल्या ढिगाकडे मी आता जरा आदरानं बघते.

ब्रिटिश म्युझियममध्ये आणखी एक आहे, एकुलता एक, लहान मुलाचा, डाव्या पायाचा, पट्ट्यापट्ट्यांचा. इजिप्तमधल्याच अँटिनोपोलिस नावाच्या शहराच्या उकिरड्यात सापडलेला, साधारण इसवी सन ३०० चा. २०१८ मध्ये म्युझियमच्या संशोधकांनी निरनिराळ्या प्रकाशांत त्याचे फोटो काढून रंग शोधले. एवढे पट्टे, पण मूळ रंग तीनच: मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल, निळीसारखाच निळा देणाऱ्या एका पाल्याचा निळा आणि वेल्ड नावाच्या रोपाचा पिवळा. बाकीच्या छटा यांच्याच मिश्रणातून. मुलांचे पाय दर चार महिन्यांनी वाढतात. तरी कुणीतरी उजव्या-डाव्याचा हिशेब ठेवून, अंगठा वेगळा काढून, सहा-सात रंगांत तो विणला आणि पाय वाढल्यावर तो उकिरड्यावर गेला. सासूबाईंना लाल जोडापेक्षा हा जास्त आवडला. “बाळंतविड्यातला दिसतोय,” म्हणाल्या.

जपानमधल्या ताबींचं, म्हणजे तिथल्या अंगठा वेगळा असलेल्या मोज्यांचं, नाव अशा वेळी निघतंच. आमची भाची योकोहामाला असते; तिनं मागे एक पांढरा जोड आणला होता. ताबी विणलेली नसते, सुती कापडाची शिवलेली असते, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला पितळी पत्र्यांचे हूक असतात. “ब्लाउजला असतात तसे,” सासूबाई म्हणाल्या आणि एकेक लावून बघितले. कापड ताणलं जात नाही, म्हणून ताबीची मापं अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरनं मिळतात. जुन्या काळी ती मोन नावाच्या नाण्यांनी मोजत, पावलाखाली किती नाणी ओळीनं बसतात ते बघून. एक नाणं साधारण २.४ सेंटिमीटरचं. त्या हिशेबानं सासूबाईंचा पाय साडेनऊ नाण्यांचा. सायतामा प्रांतातलं ग्योदा हे गाव ताबींचं, एके काळी जपानमधल्या सुमारे ऐंशी टक्के ताबी तिथून निघायच्या. आणि ब्रिजस्टोन टायर काढणाऱ्या शोजिरो इशिबाशींच्या घरचा मूळ धंदा शिवणकामाचा होता; तो त्यांनी नुसत्या ताबींवर आणला. आधी ताबीला रबराचा तळ लावला, १९३१मध्ये टायरची कंपनी काढली. सासऱ्यांनी एवढ्या एका वाक्याला पेपर खाली घेतला.

पण कापडाच्या ताबीचा मला विणताना उपयोग झाला तो एवढाच: बेचकं कुठे येतं ते तिथे डोळ्यांना स्वच्छ दिसतं. विणीचा मोजा ताणला जातो, म्हणून घेरातली, लांबीतली बरीचशी चूक तो पोटात घालतो. बेचकं मात्र काही पोटात घालत नाही.

तर फाटा असा काढायचा. बेचक्याची खूण येण्याआधी दोन-तीन मिलिमीटर थांबायचं, कारण पायात चढल्यावर वीण थोडी पुढे सरते. आतल्या बाजूचे वरचे १२ आणि तळव्याचे १२ टाके अंगठ्यासाठी ठेवायचे. उरलेले ४० एका वेगळ्या धाग्यावर ओवून बाजूला. आता अंगठ्याच्या २४ टाक्यांचं तोंड एका बाजूनं उघडं आहे. ते जोडायला मधे चार नवे टाके घालायचे. हे चार टाके म्हणजे बेचक्याची भिंत. चारच का? दोन घातले तर बोटं एकमेकांना चिकटून बसतात आणि चपलेचा अंगठा आत शिरत नाही; सहा घातले तर तिथे चुणी जमते आणि चुणी म्हणजे पुन्हा तेच काचणं. मग २८ टाक्यांची बारीक नळी विणायची. तीन सुयांवर एवढे कमी टाके म्हणजे सुयाच जास्त आणि मोजा कमी. बोटांत बोटं अडकतात. नखाच्या मध्यापर्यंत सरळ, मग दोनाचा एक करत २८ चे १४, १४ चे ७, आणि सातांतून धागा ओवून आवळला की टोक बंद. शिवण नाही, गाठ नाही.

उजव्या अंगठ्याला एवढ्यावर भागत नाही, तो कललेला. त्या नळीत शेवटापर्यंत न थांबता मधेच बाहेरच्या कडेला, म्हणजे डाव्या पायाकडे तोंड असलेल्या बाजूला, दोन टाके कमी केले. एका बाजूचे टाके कमी झाले की ती कड आत वळते आणि नळीचं टोक दुसऱ्या बाजूला सरकतं. विणून झाल्यावर मी तो मोजा टेबलावर ठेवला, तर त्याचा अंगठा सासूबाईंच्या अंगठ्यासारखाच शेजाऱ्याकडे कलून पडला होता. त्यांनी तो बघितला, स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मेलीनं व्यंगचित्र काढलंय माझं.”

मग बाजूला ठेवलेले ४० टाके परत सुयांवर घ्यायचे आणि बेचक्याच्या त्या चार टाक्यांच्या पायथ्याशी नवे टाके उचलायचे. या कोपऱ्यांत भोकं पडतात, हमखास. विणणाऱ्या बायका म्हणून चाराऐवजी सहा उचलतात, दोन्ही कोपऱ्यांत एकेक जादा, आणि पुढच्याच फेऱ्यात ते दोन कमी करून टाकतात. मी ते कमी करायला गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“राहू दे ते दोन. तिथे जोडवं येतं.”

जोडवं अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, म्हणजे बेचक्याला लागूनच. तिथे बोट जाड. ते दोन टाके तसेच ठेवले आणि जोडव्याला बसायला जागा झाली. कुठल्याही छापील नमुन्यात हे मिळणार नाही, कारण नमुने लिहिणाऱ्यांच्या पायात जोडवी नसतात. ज्या बाईनं पाव शतक शाळेत आणि त्याहून जास्त घरात सुया चालवल्या, तिच्या डोक्यात मात्र तो टाका आपसूक आला. त्यांची बोटं आखडलीत, हिशेब आखडलेला नाही.

चार बोटांचा भाग करंगळीकडे उतरता हवा, म्हणून कमी करायचं ते सगळं करंगळीच्या बाजूला, एका आड एका फेऱ्यात. बेचक्याच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. शेवटी वर-खाली थोडेसे टाके उरतात. ते सुया बाजूला ठेवून शिवणाच्या बोथट सुईनं एकमेकांत असे ओवायचे, की मधे विणीचीच एक ओळ तयार होते आणि जोड हाताला लागत नाही. विलायतेत या जोडाला किचनरचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे पाय मोज्याच्या शिवणीनं सोलवटायचे, म्हणून लॉर्ड किचनरनं ही तोड काढली अशी गोष्ट सांगतात. पुरावा काही नाही.

“किचनर? कर्झनशी भांडून त्याला घरी पाठवणारा किचनर?” सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. “तो मोजे विणायचा?”

किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानात सरसेनापती होता, हे मला त्यांनीच सांगितलं. पुढचा अर्धा तास मोजे राहिले बाजूला आणि १९०५च्या कर्झनच्या राजीनाम्यावर तास झाला. मी ओवत राहिले. सासरे झोपले.

डावा मोजा उजव्याचं आरशातलं रूप, असं म्हणायची पद्धत आहे. आमच्याकडे तसं नव्हतं. डाव्याला हाडाचे वाढीव टाके नकोत, अंगठ्याचा कल नको, पण बेचक्याआधी दोन फेरे जास्त हवेत. जोडव्याचे दोन टाके दोन्हीकडे. म्हणजे उजव्याच्या टिपणांचा अर्धाच उपयोग झाला आणि पुन्हा तो पेपर काढून बसावं लागलं. विणणाऱ्यांत दुसऱ्या मोज्याचा कंटाळा ही प्रसिद्ध तक्रार आहे; कितीतरी घरांत एकेकटे मोजे पडून असतात. पाय वेगवेगळे असले की ही तक्रार उरत नाही, कारण दुसरा मोजा दुसरा नसतोच, तोही पहिलाच असतो.

मोजे धुवून, टॉवेलमध्ये दाबून, सावलीत सपाट वाळवले आणि घातले. लोकर पायाला लागली, शिवण कुठे लागली नाही. पण एक अडचण निघाली: लोकरीनं अंगठा जाड होतो आणि चपलेचा अंगठा नायलॉनच्या जाडीला सरावलेला. कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं मोजा आणि चप्पल दोन्ही हातात घेतली, मोज्यात स्वतःचं बोट घालून बेचकं चाचपलं आणि अंगठ्याची वादी अर्धा सेंटिमीटर सैल करून दिली. पैसे घेताना विचारलं, “माझ्या आईला असा एक करून द्याल का?” मी त्याला लोकर कुठे मिळते ते सांगितलं. तो म्हणाला, लोकर नको, विणणारं माणूस सांगा.

रोज संध्याकाळी मोजे काढल्यावर मी त्यांचे तळवे बघते. डॉक्टरांनी सांगितलंच होतं बघत जा म्हणून. आता निमित्त मिळालंय. लाल झालंय का, सालटं निघालंय का, कुरपाची कड वाढलीय का. त्या पेपर वाचल्यासारखं करतात आणि पाय पुढे करतात.

या मोज्यांत पहिल्यांदा झिजणार तो उजवा अंगठा, कारण कललेला अंगठा चपलेच्या वादीला रोज घासतो. टाच झिजली तर रफू करावं लागतं. अंगठ्याचं तसं नाही. मी वरून खाली विणत आल्यामुळे त्याचं टोक उघडून ती नळी तेवढीच बेचक्यापर्यंत उसवता येते, बाकी मोज्याला हात न लावता, आणि त्याच २८ टाक्यांवर नवा अंगठा विणता येतो. त्याला जेमतेम चार-पाच ग्रॅम लोकर लागेल. उरलेल्या गुंड्यातली तेवढी वेगळी काढून सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. सोबत सुयांचा नंबर, टाक्यांचा हिशेब आणि जोडव्याचे दोन टाके कुठे ठेवायचे ते लिहिलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचं आहे; माझं त्यांना वाचता येत नाही.